खूण आणि हक्क : शिकाऱ्याच्या हातातील नकाशा व छापील लक्ष्य

१. विषयप्रवेश

मराठीत ‘वेध’ हा शब्द दोन निरनिराळ्या विद्यांनी आपापसांत वाटून घेतला आहे. धनुर्विद्येत लक्ष्याचा वेध होतो. ज्योतिषात ग्रहाचा वेध घेतला जातो. ‘व्यध्’ या धातूचा भेदणे हा मूळ अर्थ पहिल्या प्रयोगात शाबूत आहे. दुसऱ्या प्रयोगात बाणाच्या जागी दृष्टी आली आणि भेदण्याच्या जागी स्थाननिश्चिती आली. ‘वेधशाळा’ म्हणताना भेदण्याची आठवण आज कोणालाही होत नाही. शब्दाच्या इतिहासात दूर गेलेले हे दोन अर्थ अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांतील शिकाऱ्यापाशी पुन्हा एकत्र आले आहेत. त्याच्या एका हातात उपग्रहांच्या संदेशांवरून स्वतःचे स्थान सांगणारे यंत्र असते. बंदूक परजण्यासाठी त्याच्या दुसऱ्या हातात घरच्या छपाईयंत्रावर काढलेला लक्ष्याचा कागद असतो. मी कोठे उभा आहे, हा पहिल्या साधनाचा प्रश्न. माझी गोळी कोठे जाते, हा दुसऱ्याचा.

या विषयाचा अभ्यास अमेरिकेच्याच संदर्भात करावा लागतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर शिकारीचा छंद जवळजवळ संपुष्टात आला. अमेरिकेत ती आजही राज्याच्या परवान्याने चालते. तेथील कायद्याचे एक वैशिष्ट्य प्रारंभीच ध्यानात घेतले पाहिजे : जमीन खाजगी असली तरी तीवर चरणारे रानटी जनावर जमीनमालकाच्या मालकीचे नसते, जनतेच्या वतीने राज्य त्याचा सांभाळ करते. जनावर सर्वांचे आणि जमीन कोणा एकाची, या विसंगतीतून पुढील सारा इतिहास घडला आहे.

प्रस्तुत लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे. नकाशा काय किंवा लक्ष्य काय, दोन्ही कागदावरील संकेत आहेत. त्यांची सूक्ष्मता वाढली म्हणजे वाद मिटतात, हा समज बरोबर नाही. किंबहुना पूर्वी संदिग्धतेखाली झाकलेला वाद सूक्ष्मतेमुळे उघडा पडतो, आणि मग त्याचा निर्णय यंत्राला नव्हे, न्यायाला करावा लागतो.

२. लक्ष्याचा कागद

इंग्रजीतील ‘टार्गेट’ हा शब्द मूळचा ढालवाचक आहे. जुन्या फ्रेंचमधील ‘टार्ज’ म्हणजे लहान ढाल. तिचे लघुत्वदर्शक रूप इंग्रजीत आले आणि अठराव्या शतकात सरावासाठी मांडलेल्या ढालीसारख्या वाटोळ्या वस्तूस ते नाव मिळाले. आपले शब्द याहून निराळ्या वाटेने आले. ‘लक्ष्य’ हे ‘लक्ष्’, म्हणजे खुणेवरून ओळखणे, या धातूपासून. ‘निशाण’ हा फारसी शब्दही खुणेचाच वाचक. हिंदीतील ‘चांदमारी’ या शब्दातील चांद ही तर वाटोळी खूणच होय. म्हणजे इंग्रजी शब्दाच्या मुळाशी रक्षणाची वस्तू आहे. आपल्या शब्दांच्या मुळाशी खूण आहे. प्रस्तुत विवेचनाला आपलाच अर्थ अधिक उपयोगी पडतो.

बंदुकीच्या नेमबाजीला संस्थेचे रूप आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. इंग्लंडमध्ये १८५९ साली नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाले. २ जुलै १८६० रोजी विंबल्डन येथे राणी व्हिक्टोरियाने पहिला बार काढला. रायफल आधीच यंत्रावर पक्की बसविलेली होती. राणीने केवळ दोरी ओढली आणि ४०० यार्डांवर गोळी केंद्राच्या अगदी निकट लागली. या समारंभात एक तत्त्व नकळत प्रकट झाले : नेम हा केवळ हाताचा गुण राहिला नसून तो यंत्र आणि खूण यांच्या जुळणीचा गुण झाला होता.

अमेरिकेत त्याच नावाची संस्था १८७१ साली निघाली व लाँग आयलंडवर क्रीडमूर येथे तिचे मैदान झाले. तेथे २६ सप्टेंबर १८७४ रोजी आयरिश व अमेरिकन संघांमध्ये ८००, ९०० व १,००० यार्डांवरून सामना झाला. अमेरिकन संघाचे गुण ९३४ झाले, आयरिश संघाचे ९३१. एका आयरिश नेमबाजाने ९०० यार्डांवरून केंद्राचा अचूक वेध केला होता, परंतु तो शेजारच्या लक्ष्यावर! केंद्रवेधाला ४ गुण असत. तो धरला गेला असता तर आयरिश संघ एका गुणाने जिंकला असता. नेम चुकला नव्हता. खूण चुकली होती. हा प्रसंग पुढील विवेचनासाठी मनात ठेवावा.

त्या काळी लक्ष्ये लोखंडी पत्र्याची असत. पत्र्यावर आदळलेल्या गोळीचा डाग तेवढा उरे आणि तो पुसून टाकावा लागे. कागद आला आणि गोळीचे छिद्र कायम राहू लागले. हा फरक वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु मोजता येणारी साक्ष त्यामुळेच हाती आली. संगणक व छपाईयंत्र घरोघर पोचल्यावर तर लक्ष्याचे पान कोणीही, कितीही वेळा छापू लागला. या पानावर मध्ये गडद ठिपका व भोवती एक इंचाच्या चौकटी असतात. चौकट इंचाचीच का, याचे कारण कोनमापनात आहे. ज्योतिषातील ‘कला’ म्हणजे अंशाचा साठावा भाग. एक कला एवढा कोन १०० यार्डांवर १.०४७ इंच अंतर व्यापतो. व्यवहारात तो एक इंच धरतात. रायफलीवरील दुर्बिणीची चकती बहुधा एका टिचकीस पाव कला सरकते. तेव्हा गोळ्या केंद्राच्या चार चौकटी खाली लागल्या तर चकती सोळा टिचक्या फिरवावी, असा सोपा हिशेब होतो.

पण हा हिशेब कागदावरील इंच खरा इंच आहे या विश्वासावर उभा असतो. अमेरिकन मापाच्या पानासाठी आखलेले लक्ष्य ए-४ कागदावर छापले, अथवा ‘पानात बसवा’ ही आज्ञा तशीच राहिली, तर यंत्र मुकाट्याने आकृती लहान करते. समजा ती ९५ टक्के झाली. चार चौकटी म्हणजे आता ३.८ इंच. नेमबाज मात्र सोळा टिचक्या फिरवितो, म्हणजे गोळी १०० यार्डांवर ४.१९ इंच वर नेतो. सुमारे ०.४ इंचाची चूक झाली. तीच ३०० यार्डांवर १.२ इंचांच्या जवळ जाते. हा आकडा मोठा नव्हे. तथापि वारा, अंतर व हाताचा कंप यांच्या चुका कधी इकडे तर कधी तिकडे होतात. ही चूक दर खेपेस एकाच दिशेने होते आणि तिचा संशयही येत नाही. म्हणूनच छापील लक्ष्याच्या कडेला पुष्कळदा ‘ही रेघ पट्टीने मोजून पाहा’ अशी सूचना असते. शिकारीत चुकलेली गोळी नेहमीच फुकट जात नाही; कधी ती जनावराला जायबंदी करते, आणि ते दृष्टीआड जाऊन मरते. पट्टीने एक रेघ मोजण्याचा आळस कोणाला भोवतो, हे उघड आहे.

आपल्या न्यायशास्त्राच्या परिभाषेत हा भेद स्पष्ट मांडता येतो. धूर हे अग्नीचे ‘लिंग’ होय, कारण अग्नीवाचून धूर उत्पन्न होत नाही. कागदावरील छिद्र हे तसेच गोळीचे लिंग आहे. चौकट मात्र ‘संकेत’ आहे. ती माणसांनी ठरविली म्हणून इंच. लिंगावरून केलेले अनुमान सांकेतिक मापाने मोजावयाचे तर तो संकेत आधी पडताळला पाहिजे. हीच गोष्ट आता जमिनीच्या बाबतीत पाहू.

३. चौरसांचा देश

२० मे १७८५ रोजी अमेरिकन काँग्रेसने जमिनीच्या मोजणीचा कायदा केला. ओहायो नदीपलीकडील प्रदेश सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा चौरसांत विभागावा, आणि अशा प्रत्येक चौरसाचे एकेक मैल बाजूचे ३६ तुकडे पाडावे, असे ठरले. एक तुकडा ६४० एकरांचा. मोजणी ६६ फुटी गंटर साखळीने होई. ही साखळी आपल्याला परकी नाही. क्रिकेटच्या दोन यष्टींमधील २२ यार्डांचे अंतर म्हणजे तीच साखळी, आणि एक साखळी चौरस म्हणजे आपले चार गुंठे.

डोंगर, ओढे, जनावरांच्या वाटा यांची कसलीही दखल न घेता या रेघा पश्चिमेकडे सरकत गेल्या. मोजणीदाराने प्रत्येक कोपऱ्यावर दगड किंवा खांब रोवावा आणि पुढे जावे, अशी रीत होती. पुढे धातूच्या टोप्या आल्या. अमेरिकन कायद्याचा येथील एक सिद्धान्त मार्मिक आहे. मूळ मोजणीत रोवलेली खूण जागेवर सापडली तर तीच कोपरा ठरविते. गणिताने कोपरा दहा पावले अलीकडे येत असला तरी खुणेपुढे गणित हरते.

१ जुलै १८६२ च्या पॅसिफिक रेल्वे कायद्याने या पटावर रंग भरले. लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंचे विषम क्रमांकांचे तुकडे रेल्वे कंपन्यांना दिले गेले. सम क्रमांकांचे सरकारकडे राहिले. १८६४ साली हे दान दुप्पट होऊन मार्गाच्या दोहों बाजूंस वीस-वीस मैलांपर्यंत पोचले. दक्षिण वायोमिंगमध्ये त्यामुळे बुद्धिबळाचा प्रचंड पट तयार झाला. काळी घरे खाजगी, पांढरी घरे जनतेची. रेल्वेने आपली घरे पुढे पशुपालकांना विकली.

बुद्धिबळातील उंट तिरका चालतो. पांढऱ्या घरातील उंट साऱ्या पटावर हिंडतो, परंतु काळ्या घरात कधीही उतरत नाही. माणसाला हे साधेल काय? दोन पांढरी घरे जेथे कोपऱ्याला भिडतात तो गणितातील बिंदू आहे. त्याला लांबी नाही, रुंदी नाही. माणसाच्या खांद्यांना मात्र रुंदी आहे. पाय पांढऱ्या घरातून पांढऱ्या घरात पडला तरी खांदा काळ्या घरावरील हवेतून जातोच. जमिनीच्या मालकाची मालकी वरील आकाशावरही चालते, या जुन्या तत्त्वाला धरून मालक म्हणत, हेही अतिक्रमणच.

या पटावरचा झगडा जुना आहे. सरकारी जमिनी कुंपणाने अडवून ठेवण्याला बंदी करणारा कायदा २५ फेब्रुवारी १८८५ रोजी झाला. कोलोरॅडोतील एका कुंपणाने खाजगी घरांच्या आतूनच फिरत सुमारे २०,००० एकर सरकारी जमीन वेढली होती. १८९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरविले. उलट १९७९ साली ‘लिओ शीप’ खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले, की १८६२ च्या कायद्यात सरकारने खाजगी घरांतून रस्ता नेण्याचा हक्क गृहीत धरून ठेवलेला नाही. १९८८ साली वायोमिंगमधील रेड रिम येथील २८ मैलांच्या कुंपणाचा प्रश्न अपील न्यायालयापुढे आला. त्या कुंपणाने प्राँगहॉर्न हरणांची हिवाळ्यातील चराऊ रानाकडे जाणारी वाट बंद झाली होती. न्यायालयाने हरणांना वाट मोकळी करून दिली. माणसाच्या वाटेचा प्रश्न तसाच राहिला.

४. नकाशा खिशात येतो

तो इतकी वर्षे तसा राहू शकला, याचे कारण कोपरा कोठे आहे हे परक्या माणसाला कळतच नसे. स्थानिक पशुपालक आपली हद्द जाणत असे. दुरून आलेला शिकारी तिला बिचकून दूर राही. सरकारी भूस्तर खात्याचे तपशीलवार नकाशे अक्षांश-रेखांशांच्या साडेसात कला व्यापणारे असत. (लक्ष्यावरची कला ती हीच.) त्यांवर एक इंच म्हणजे जमिनीवरील २,००० फूट. पेन्सिलीच्या रेघेची जाडीदेखील तेथे काही पावले झाकते.

१ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचे प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले व पाडले गेले. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी लष्करी जी.पी.एस. उपग्रहव्यवस्था नागरिकांनाही उपलब्ध होईल असे जाहीर केले. हातात मावणारे पहिले विक्रीयोग्य यंत्र मॅगेलन कंपनीने १९८९ साली आणले. परंतु नागरी संदेशात हेतुपुरस्सर बिघाड मिसळलेला असे, आणि त्यामुळे स्थान १०० मीटरपर्यंत चुके. २ मे २००० रोजी हा बिघाड काढून टाकण्यात आला. आज उघड्या आकाशाखाली साधा मोबाइलही सुमारे ५ मीटरांपर्यंत स्थान सांगतो.

छापील लक्ष्याची चूक येथे दुसऱ्या रूपाने भेटते. अमेरिकेचे जुने नकाशे १९२७ च्या आधारसंस्थेवर आखलेले होते, तर उपग्रहयंत्र १९८४ च्या जागतिक आधारसंस्थेत बोलते. त्याच जागेचे अंक या दोहोंत निराळे येतात. यंत्राची मांडणी न बदलता जुन्या नकाशावर अंक टेकविले, तर खूण दहावीस मीटरांपासून शंभर मीटरांपर्यंत सरकू शकते. यंत्र बरोबर, नकाशाही बरोबर. जुळणी मात्र चूक. क्रीडमूरच्या मैदानावर घडले ते हेच.

पुढील पाऊल २००९ साली माँटाना राज्यात पडले. एरिक सीगफ्रीड या शिकारी गृहस्थांनी जिल्हावार मालकीच्या नोंदी एकत्र करून हातातील यंत्रात बसणारी नकाशाची चकती विकावयास सुरुवात केली. हीच कंपनी पुढे ‘ऑनएक्स’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि चकतीची जागा मोबाइलने घेतली. शिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर आता टेकडी व ओढा यांवर मालकीचे रंग चढले. संस्कृतातील ‘मार्ग’ हा शब्द व्युत्पत्तिकार ‘मृग’ शब्दाशी जोडतात : जनावराच्या मागावरून जी गेली ती वाट. नव्या शिकाऱ्याला जनावराच्या मागाबरोबर मालकीच्या रेघेचाही माग काढावा लागतो. याच कंपनीने २०२२ साली मांडलेल्या हिशेबानुसार पश्चिमेकडील राज्यांत केवळ कोपऱ्यानेच जोडलेली, म्हणून वाट नसलेली सार्वजनिक जमीन ८३ लक्ष एकर भरते. हा आकडा रंगीत नकाशाशिवाय कोणाच्या ध्यानातच येता ना.

५. एल्क माउंटनचा कोपरा

वायोमिंगच्या कार्बन परगण्यात एल्क माउंटन हा डोंगर आहे. त्याच्या परिसरात सरकारी घरे व एका मोठ्या कुरणाची खाजगी घरे पटावरल्यासारखी गुंतलेली आहेत. २०२० साली मिसूरी राज्यातून आलेले काही शिकारी मोबाइलवरील नकाशाच्या आधारे एका कोपऱ्यापाशी पोचले. नकाशाने त्यांना काही पावलांपर्यंत आणले. नेमका बिंदू सांगितला तो जमिनीत रोवलेल्या मोजणीच्या खुणेने. तेथे मालकाने दोन पोलादी खांब उभे करून त्यांना साखळी बांधली होती. शिकारी खांबांना धरून झोका घेऊन पलीकडे गेले. पुढल्या वर्षी त्यांनी घोडीसारखी दुपाखी पोलादी शिडी आणली, ती कोपऱ्यावर मांडली आणि एका सरकारी घरातून चढून दुसऱ्यात उतरले. खाजगी मातीला पाय लागला नाही.

त्यांच्यावर फौजदारी अतिक्रमणाचा आरोप आला. एप्रिल २०२२ मध्ये स्थानिक ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरविले. मालकाने लक्षावधी डॉलरांच्या नुकसानीचा दिवाणी दावाही लावला होता. मे २०२३ मध्ये संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाने व १८ मार्च २०२५ रोजी दहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला : १८८५ चा कायदा लाकडी कुंपणापुरता नाही, हवेतील अदृश्य कुंपणानेही सरकारी जमीन अडविता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालात हात घालण्यास नकार दिला. तो वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस व ओक्लाहोमा या सहा राज्यांत बंधनकारक आहे. माँटाना, म्हणजे ज्या राज्यात हा नकाशा जन्मला तेच, त्याच्या कक्षेबाहेर आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला या खटल्यातील एक उपप्रश्न विशेष उद्बोधक वाटेल. एका शिकाऱ्याच्या मोबाइलवरील नकाशात एक खूण खाजगी घरात टेकविलेली आढळली. यावरून तो तेथे गेला होता असे मालकाचे म्हणणे. शिकाऱ्याचा बचाव असा, की अशी खूण दुरूनही, केवळ बोटाने, नकाशावर ठेवता येते. जिल्हा न्यायाधीशांनी हा मुद्दा निकालात न काढता ज्यूरीसाठी राखून ठेवला. पुढे वादीनेच तो सोडून दिला. आपल्या परिभाषेत वाद असा होता : ही खूण लिंग की संकेत? पाऊल उमटले म्हणजे पाय तेथे पडलाच असला पाहिजे. नकाशावरील खूण दिसते पावलासारखी, पण असते शब्दासारखी. आणि एखाद्या गावाचे नाव उच्चारले म्हणजे त्या गावी जाऊन आलो असे होत नाही.

६. उपसंहार

या इतिहासातून काय निष्पन्न होते? पहिली गोष्ट, लक्ष्याचा कागद व नकाशा या दोहोंचे प्रामाण्य स्वयंभू नाही. एकाला पट्टीचा आधार लागतो, दुसऱ्याला जमिनीतील खुणेचा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १७८५ ची रेघ, १८६२ चे दान आणि १८८५ चा कायदा हे सारे कोपऱ्यावर आधीपासूनच एकमेकांवर आदळत होते. अज्ञानामुळे तो आघात ऐकू येत नव्हता. उपग्रहाने तो ऐकू आणला, मिटविला नाही. नकाशाने सांगितले की बिंदू येथे आहे. त्या बिंदूवरून जाण्याचा हक्क कोणाला, हे नकाशा सांगू शकत नव्हता आणि पुढेही सांगू शकणार नाही.

ज्याने शेताच्या बांधावरून भावाभावांत कोर्टकज्जे झालेले पाहिले आहेत, त्या मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १४३ नुसार एका शेतकऱ्याला दुसऱ्याच्या शेताच्या हद्दीवरून वाट मागता येते, आणि तहसीलदार चौकशी करून ती ठरवितो. अमेरिकन कायद्याने हद्द ही रुंदी नसलेली रेघ मानली आणि वाट कोठून काढावी या पेचात दीडशे वर्षे काढली. आपल्या बांधाला मुळातच रुंदी आहे. तो दोघांना वेगळे करतो आणि तिसऱ्याला चालूही देतो. हद्दीची मोजणी आज उपग्रहांच्या साहाय्याने होऊ लागली आहे. ती जसजशी सूक्ष्म होईल, तसतशी बांधाची ही रुंदी कागदावरून नाहीशी होण्याचा संभव आहे. नकाशावरील रेघ कितीही बारीक झाली तरी माणसाच्या खांद्यांची रुंदी कमी होत नाही, एवढे भान मोजणाऱ्यांनी व कायदा करणाऱ्यांनी राखले पाहिजे.